अग्रानंद महाराजांचा पहिला नंबर

भूपेंद्रच्या एसटीडी बूथसमोर एवढी गर्दी मी दोनदाच पाहिली आहे. एकदा बूथच्या पत्र्यावर माकड येऊन बसलं होतं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा एकोणीसशे नव्याण्णवच्या श्रावणात अग्रानंद महाराज कंप्युटरपुढे नारळ वाढवायला आले तेव्हा. माकडाने निदान कोणाला फसवलं नव्हतं.

रविवारची सकाळ होती. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेले लूमवाले डोळे चोळत उभे होते, बायका कडेवरची पोरं सावरत टाचा उंचावत होत्या, आणि सुरतेतलं आमचं अख्खं नवागाम एका सहा फुटी काचेच्या दारातून आत डोकावू पाहत होतं. आत महाराज होते. भगवा झब्बा, गळ्यात रुद्राक्ष आणि कमरेला पेजर. वैकुंठातून निरोप येत असावेत, कारण पेजर वाजला की ते डोळे मिटून घ्यायचे.

महाराजांची ख्याती अशी, की ते वेबसाईटला पहिला नंबर मिळवून देतात. ज्यांनी कंप्युटर लांबूनच पाहिला असेल त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेटवर एखादा शब्द टाकून बटण दाबलं, की त्या विषयाची जगभरची पानं यादी होऊन समोर येतात. ही यादी करणाऱ्या यंत्रणेला सर्च इंजिन म्हणतात. यादी मैलभर लांब असते आणि माणसाला धीर बोटभर असतो, म्हणून लोक वरची चार-दोन नावं पाहतात आणि उठतात. जो वर, त्याच्याकडे गिऱ्हाईक. जो खाली, तो नसल्यात जमा.

आमच्या गल्लीची साईट खालीही नव्हती. ती कुठेच नव्हती.

साईट काढली होती धनश्रीने, म्हणजे पंडितभाऊ आणि कलाबाईंच्या मुलीने. मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो, आणि ही माझी विद्यार्थिनी. दहावीनंतर तिने उधन्याला कंप्युटरचा क्लास लावला आणि त्यात अशी रमली, की दिवाळीपासून नव्या मुलांना तिनेच शिकवावं असं क्लासवाल्यांनी ठरवलं होतं. तिची आई आणि गल्लीतल्या बायका खाटलीचं काम करतात. लाकडी चौकटीवर साडी ताणायची आणि वाकून वाकून जरी-टिकलीचं भरतकाम करायचं. माल मार्केटात जातो, मधला दलाल जाड होतो आणि बायकांची पाठ तेवढी मोडते. कामाचे फोटो इंटरनेटवर टाकले तर घेणारा सरळ आपल्यालाच विचारील, असा या पोरीचा साधा हिशेब होता. साईट झाली तेव्हा गल्लीने पेढे वाटले, आणि आता अमेरिकेचा फोन येणार म्हणून सगळे कान टवकारून बसले. पण फोन यायचा तो फक्त कलाबाईंच्या बहिणीचा, अमळनेरहून.

तोही धड यायचा नाही. भूपेंद्रच्या बूथमध्ये टेलिफोनची लाईन एकच. तिच्यावरच फोन आणि तिच्यावरच इंटरनेट. निम्म्या नवागामने गावाकडे त्याचाच नंबर देऊन ठेवला होता. भूपेंद्रने नेट लावलं की बाहेरून फोन करणाऱ्याला नुसती एंगेजची टूं टूं ऐकू यायची. यावरून इतकी भांडणं झाली, की शेवटी त्याने भिंतीवर पाटी लावली: 'नेट चालू असताना फोन येणार नाही. भांडू नये.' पाटी लावल्यावर लोक पाटीवरून भांडू लागले. त्यात कलाबाईंचा आवाज सगळ्यात वर.

असो. आपण महाराजांकडे वळू.

महाराजांना आणलं होतं पंडितभाऊंनी. ते सचिन गावातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगखात्यात आहेत. तिथे कोणीतरी त्यांच्या कानात घातलं, की हे महाराज मंत्राने साईट वर चढवतात. आमचे पंडितभाऊ माणूस सोन्यासारखा, पण 'पहिला' हा शब्द ऐकला की विरघळतात. खानदेशाची देवी कानबाई, तिच्या मिरवणुकीत पहिली आरती कोणाची यावरून त्यांनी सख्ख्या साडूशी दोन वर्षं अबोला धरला होता. त्यांना साईट चालण्यापेक्षा साईटीला मान मिळणं जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

आधी महाराजांचा चेला लोटू पुढे होऊन कंप्युटरचं शुद्धीकरण करू लागला. त्याने कीबोर्डवर गोमूत्र शिंपडलं तेव्हा भूपेंद्रचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्या डबीतून इंटरनेट येतं, त्या मोडेमवर झेंडूचा एवढा दाट हार घातला की डबी दिसेनाशी झाली. मग लाल फडक्यातून हळद-कुंकू लावलेली एक फ्लॉपी निघाली. ती कपाळाला लावून महाराजांनी कंप्युटरच्या फटीत सारली आणि प्रवचन सुरू केलं.

प्रवचन तीन भाषांत होतं. सर्च इंजिनला इंजिन समजू नका, तो साक्षात चित्रगुप्त आहे, असं महाराजांचं म्हणणं. साऱ्या जगाची पानं त्याच्याकडे असतात. कोणाला वर घ्यायचं आणि कोणाला नरकात टाकायचं हे तो ठरवतो, आणि महाराज त्याच्याशी रोज पहाटे बोलतात. साईटलाही कुंडली असते. तिच्या पहिल्या पानावर शनी बसला की ती दहाव्या पानावर जाते. मध्येच ते गुजरातीत शिरायचे, 'बधा पाछळ, आपणे आगळ', म्हणजे सगळे मागे आणि आपण पुढे, असं म्हणत हात असा फिरवायचे, की समोरची माणसं खरोखर दोन पावलं मागे सरायची.

'नेट लावा,' महाराज म्हणाले, आणि लोटूने एका हाताने बटण दाबत शंख फुंकला. काय फुंकला! नेट लागताना मोडेम जो चिरका आवाज करतं, तो आमच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्या दिवशी शंखापुढे दुसरं काही ऐकूच आलं नाही. मग लोटूने शोधायचं पान उघडून पंडितभाऊंना खुर्चीवर बसवलं. लोटू अक्षर दाखवायचा आणि पंडितभाऊ एका बोटाने ते दाबायचे. भरतकाम आणि सुरत असे दोन इंग्रजी शब्द झाले. बटण दाबलं. यादी आली आणि पहिल्या ओळीत आमच्या गल्लीची साईट.

पंडितभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, पुढच्यांनी मागे सांगितलं, आणि पहिला नंबर, पहिला नंबर करत बातमी पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

महाराज क्षणभर दचकले. पण माणूस तयारीचा. लगेच दोन्ही हात वर करून म्हणाले, 'सुनो. घंटी अपने आप बजी. देवाने साक्ष दिली.' गर्दीने हात जोडले. भूपेंद्रने भीतभीत रिसीव्हर उचलला, तर देव अमळनेरहून बोलत होता. कलाबाईंनी फोन घेतला आणि बहिणीला रडत रडत सांगितलं, की आपला पहिला नंबर आला.

मी हे सगळं दारात उभा राहून पाहत होतो आणि गालातल्या गालात हसत होतो. आमच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, त्यामुळे असल्या ठिकाणी मी दिसलो की लोक मला वाया गेलेला समजून वाट सोडतात. चालूगिरी आहे एवढं मला कळत होतं. पण ती कशी आहे हे सांगता येईना, आणि ते सांगता आलं नाही की गालातल्या हसण्याला काडीची किंमत नसते.

खरी मेख पुढे होती. महाराज म्हणाले, नंबर आला आहे, पण तो डळमळीत आहे. साईट कुमारिकेच्या हातून झाली, हा मोठा दोष. पुढच्या रविवारी स्थिरीकरण करू. तोवर मुलीने कंप्युटरला हात लावायचा नाही, इथे नाही आणि क्लासातही नाही. साईटचा गुप्त शब्द, म्हणजे पासवर्ड, महाराजांकडे सोपवायचा. आणि लग्नाचं बघा. पंडितभाऊंनी एकेका वाक्याला मान डोलावली.

धनश्री ऐकणाऱ्यातली नव्हती. सोमवारी ती क्लासला गेली, तिथल्या कंप्युटरवर तेच दोन शब्द टाकले आणि यादी खालपर्यंत चाळली. साईटचं नाव कुठे नव्हतं. घरी येऊन तिने ते सांगितलं. पंडितभाऊंनी महाराजांना विचारलं, तर उत्तर तयारच होतं. जिच्या हातात दोष तिच्या डोळ्यांतही दोष, तिला नंबर दिसायचा नाही. झालं. पंडितभाऊंनी क्लास बंद केला.

संध्याकाळी पोरगी आमच्याकडे आली. रडून झालेलं होतं, आता नुसता राग होता.

'सर, दिवाळीपासून मी शिकवणार होते,' ती म्हणाली. 'आता बाबा म्हणतात, एक तर साईट राहील नाही तर तुझा क्लास. मी दोन्ही केलेत ना सर, माझ्या हाताने.'

मला त्या क्षणी महाराजांची मानगूट धरावीशी वाटली. पण मी मास्तर, मानगुटीऐवजी प्रश्न धरतो. मी तिला म्हटलं, मला कंप्युटरमधलं ओ का ठो कळत नाही, तू सांग. नेट खरोखर लागतं तेव्हा काय काय घडतं? डोळ्यांना काय दिसतं, कानांना काय ऐकू येतं?

ती आठवून सांगू लागली. मोडेम किंचाळतं. ते शंखात बुडलं. डबीवरचे दिवे लुकलुकतात. ते हाराखाली गेले. पान हळूहळू, तुकड्या-तुकड्याने येतं. 'त्या दिवशी बाबांनी बटण दाबलं आणि पान भसकन आलं,' ती म्हणाली आणि स्वतःच थांबली. पण लवकर येणं हा काही गल्लीला पटेल असा पुरावा नव्हता. महाराज म्हणाले असते, कृपा.

माझी बायको मीराबाई पलीकडे ओट्यापाशी भाकरी थापत होती. तिने तव्यावरून नजर न काढता विचारलं, 'आणि फोन? नेट लागल्यावर फोन येतो का गं?'

'नाही काकू, एंगेज लागतो.'

'मग कलाबाईंच्या बहिणीचा कसा आला?'

अहो, त्या फोनला देवाची घंटा म्हणून शंभर माणसांनी नमस्कार केला होता. मी विज्ञानाचा मास्तर, त्या घंटेला हसलो होतो, पण ती वाजलीच कशी हे माझ्याही डोक्यात आलं नाही. मीराबाई म्हणाली, 'तुम्ही हसण्यात गुंग होता.'

दुसऱ्या रविवारी गर्दी दुप्पट. पुन्हा हार, पुन्हा गोमूत्र, पुन्हा फ्लॉपी आणि शंख. धनश्रीला बाहेर, बायकांच्या मागे उभं केलं होतं. पंडितभाऊंनी टाईप केलं आणि पहिला नंबर आला. महाराज पासवर्डचा कागद घ्यायला हात पुढे करणार, एवढ्यात मी हात जोडून पुढे गेलो. गल्लीत कुजबुज झाली. मास्तर पाघळला असं लोकांना वाटलं असावं, आणि महाराजांनाही तेच वाटलं. त्यांचा चेहरा खुलला.

मी म्हणालो, 'महाराज, माझा हट्ट आहे. मागच्या वेळी घंटा आपोआप वाजली होती. ती पुन्हा वाजली तर मी इथेच पाया पडतो.'

महाराज म्हणाले, 'जिथे श्रद्धा तिथे घंटा. देवाच्या मनात असेल तर वाजेल.'

'आणि नेट आत्ता चालू आहे ना?'

'साक्षात जगाशी जोडलेलं आहे.'

'सगळ्यांनी ऐकलं,' मी म्हणालो, आणि दारातून रस्त्यापलीकडे हात केला. तिथे सुकलालचा एसटीडी बूथ आहे, आणि त्या बूथमध्ये आमची मीराबाई रिसीव्हर कानाला लावून उभी होती.

टेबलावरचा फोन वाजला.

लोकांनी हात जोडले. महाराजांनी डोळे मिटले. मी रिसीव्हर उचलून सगळ्यांच्या दिशेने धरला. मीराबाईचा आवाज मुळात खणखणीत, त्यात ती मुद्दाम ओरडून बोलत होती. 'मी मीराबाई बोलतेय, समोरून, सुकलालच्या बूथवरून. पहिल्या झटक्यात लागला. एवढ्या दिवसांत असा कधी लागला नव्हता.'

मी रिसीव्हर ठेवला आणि भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचली. नेट चालू असताना फोन येणार नाही. भांडू नये.

पहिल्यांदा कलाबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. बहिणीच्या आवाजासाठी बूथच्या पायरीवर ताटकळत काढलेली त्यांची सगळी दुपारं एकदम वर आली असणार. त्या गर्दी सारत आत आल्या.

'जवय नेट चालू ऱ्हास, तवय मनी बहिनना फोन लागत नही,' त्या महाराजांना अहिराणीतच म्हणाल्या. 'भूपेंद्रसंगे मी यानावरतीच भांडस. मंग आते फोन कसा वाजना?'

महाराज सावरले. मानलं पाहिजे. कृपा असली की दोन्ही चालतं, असं त्यांनी ठोकून दिलं. मान डोलावणारे थोडे होते, पण अजून होते. तेव्हा भूपेंद्र उठला. गोमूत्राचा राग त्याच्या मनात होताच. त्याने हार बाजूला केला, मोडेममधून टेलिफोनची वायर उपटली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मोडेमवर एकही दिवा नव्हता. आता शोधा, म्हणाला.

पंडितभाऊंनी पुन्हा बटण दाबलं. पहिला नंबर. जगाशी संबंध तुटला तरी पहिला नंबर.

मग मागून कोणीतरी म्हणालं, दुसरं काहीतरी टाकून बघा. काय टाकायचं यावर थोडा घोळ झाला. अखेर पत्र्यावरच्या त्या जुन्या पाहुण्याची कोणाला तरी आठवण झाली. पंडितभाऊंना माकडाचं इंग्रजी अक्षरं लावून सांगण्यात आलं. त्यांनी ते टाकलं, बटण दाबलं, आणि माकडाच्या शोधात सबंध जगात पहिला नंबर आला पंडितभाऊंच्या घरच्या साईटचा.

हसू आधी भूपेंद्रला फुटलं, मग गर्दीला. इतकं हसू, की रात्रपाळीवाल्यांची झोप उडाली. पंडितभाऊंनी मात्र बायकांच्या मागे मुलीला शोधलं. शेवटी खाली मान घालून म्हणाले, 'धना, इकडे ये.'

धनश्री आली. ज्या हातात दोष होता त्याच हाताने तिने फ्लॉपी बाहेर काढली आणि बटण दाबलं. पान सापडत नाही, एवढीच सूचना आली. फ्लॉपी पुन्हा घालून तिने उघडून दाखवली. तिच्यात दोनच पानं होती. एक शोधायच्या चौकटीचं, अगदी खऱ्यासारखं, आणि दुसरं तयार यादीचं, जिच्यात आमची साईट आधीच वर लिहून ठेवलेली. कोणताही शब्द टाका, पहिल्या पानाचं बटण दुसरं पान उघडणार. कागदावर यादी लिहून खिशात आणावी आणि देवाने दिली म्हणून दाखवावी, इतकीच ही विद्या. बाकी शंख मोडेम गप्प आहे हे झाकायला, हार दिवे लागत नाहीत हे झाकायला, आणि पासवर्ड कशाला, तर पुढे दरवर्षी साईट अडवून दक्षिणा काढायला.

महाराजांचा पेजर वाजला. त्यांना अत्यंत निकडीचं बोलावणं आलं होतं म्हणे. पण भूपेंद्रने त्यांना दारात अडवलं आणि पंडितभाऊंनी दिलेली दक्षिणा परत घेतल्यावर त्यांच्याच लाल फडक्याने कीबोर्ड पुसून घेतला. लोटू त्याआधीच नारळ घेऊन निसटला होता. चित्रगुप्ताशी रोज बोलणाऱ्या माणसाला एवढं कोणी आगाऊ कळवू नये, याचं मला वाईट वाटलं.

गर्दी पांगू लागली, तरी पंडितभाऊ खुर्चीवरून उठेनात. एक प्रश्न त्यांना सोडत नव्हता आणि तो प्रश्न रास्त होता. मंत्राने नंबर येत नाही हे कबूल, पण मग येतो कशाने?

मी म्हटलं, मुलीला विचारा. सगळ्या गल्लीत तेवढी एकच गोष्ट कोणी केलेली नाही.

धनश्रीने आपल्या साईटचं पहिलं पान उघडलं. पंडितभाऊंच्या आग्रहाने ते हुबेहूब लग्नपत्रिकेसारखं केलं होतं. वर कानबाई मातेचा फोटो, खाली प्रसन्न, मग आशीर्वाद म्हणून थोरल्या काकांपासून मानाप्रमाणे नावं, मग पंडितभाऊ स्वतः, मग साडूंचं नाव बारीक अक्षरांत, आणि तळाला कोपऱ्यात भरतकामाचा उल्लेख. छापखान्यातून छापून आणलेला तो कागद तसाच्या तसा स्कॅन करून लावला होता.

'बाबा, हे सगळं मिळून एक फोटो आहे,' ती म्हणाली. 'सर्च इंजिनला फोटो वाचता येत नाही. त्याला फक्त टाईप केलेली अक्षरं दिसतात. आपल्या पानावर त्याच्या लेखी काहीच लिहिलेलं नाही. कोरं पान आहे. आणि गिऱ्हाईक काय शोधणार? थोरल्या काकांचं नाव शोधणार का? तो शोधणार हाताचं भरतकाम, साडी, सुरत. ते शब्द इंग्रजीत, साधे, सगळ्यात वर पाहिजेत. कोणतं काम, किती दिवसांत, कोण करतं, ते खरं खरं लिहायचं. दुसऱ्यांच्या पानांवर आपला पत्ता द्यायला सांगायचं. मग हळूहळू वर जाता येतं. पहिलं नाही येणार लगेच. कदाचित कधीच नाही.'

सबंध आयुष्य ज्या माणसाने पत्रिकेत आपलं नाव कितवं आहे हे आधी पाहिलं, त्याला हे सोपं नव्हतं. मग त्यांनी पडद्यावर आधी देवीच्या फोटोवर आणि मग स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

'कानबाईनं नाव ऱ्हाऊ दे,' ते म्हणाले. 'मनं काढ.' आणि उठता उठता, तिच्याकडे न बघता, 'सकाय क्लासले जाय.'

धनश्रीने कानबाईचं नाव ठेवलं. बायकांची नावंही घातली, कोण काय भरतं त्यासकट. थोरले काका अजून रुसलेले आहेत.

वाचकहो, आता तुम्ही विचाराल, पुढे पहिला नंबर आला का? नाही आला. दिवाळीच्या सुमारास साईट यादीत प्रथमच दिसली, ती सव्विसावी. पंडितभाऊ सचिनच्या कारखान्यात सव्विसावा नंबर असा काही सांगत सुटले, की लोकांना ती पदवी वाटली. मग एक दिवस परदेशातल्या कोणा दुकानदारीणबाईची चौकशी आली, नमुना पाठवाल का म्हणून. ऑर्डर नाही, नुसती चौकशी. पण ती खरी होती. वायर काढली असती तर आली नसती.

महाराजांनी मंत्र म्हटले यात मला नवल वाटत नाही, तो त्यांचा धंदा. त्यांनी सर्वात आधी काय केलं ते मात्र विसरू नका. साऱ्या गल्लीत ज्या एका मुलीला तो कंप्युटर उघडून बघता येत होता, तिचे हात त्यांनी बांधायला सांगितले, आणि आपण ते बांधायला निघालो होतो. उद्या दुसरा कोणी येईल, फ्लॉपीऐवजी आणखी काही आणील. तो ज्याला खोलीबाहेर काढायला सांगेल, त्याला आधी आत बोलवा. घंटा वाजली तर नमस्कार करण्यापूर्वी कोणी वाजवली एवढं बघा. त्याने कोणत्याही देवाचं काही बिघडत नाही.

मागच्या आठवड्यात मी भूपेंद्रच्या बूथवर गेलो होतो. पायरीवर कलाबाई बसल्या होत्या, अमळनेरच्या फोनची वाट बघत. आत धनश्री कंप्युटरसमोर होती आणि मोडेम किंचाळत होतं, म्हणजे लाईन गुंतलेली. आता नेहमीचं भांडण जुंपणार म्हणून भूपेंद्र आधीच पाटीकडे बोट दाखवायला लागला. कलाबाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

'ऱ्हाऊ दे,' त्या म्हणाल्या. 'मनी पोर काम करी ऱ्हायनी.'

आणि पदराने तोंड पुसून त्या वाट बघत बसून राहिल्या.